पिको केलेली फारकत

माझ्या लग्नात सप्तपदीची पाचच पावलं पडली. गुरुजींना जुनी इंदूरला दुसरा मुहूर्त गाठायचा होता. पाचव्या पावलाला त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाले, उरलेली दोन मनातल्या मनात घ्या. मी घेतली. यांनी घेतली की नाही ते अजून कळलेलं नाही. आमचे हे वकील आहेत, सरळ विचारलं तर पुढची तारीख मागतात.

पुढे तीसेक वर्षांनी मुलीकडे परदेशी जायचं म्हणून लग्नाचा दाखला लागला. आम्ही नेलं काय? एक पिवळी पडलेली पत्रिका, एक फोटो, ज्यात मुंडावळ्यांमुळे माझं नाकसुद्धा दिसत नाही, आणि दोन साक्षीदार. त्यातला एक आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी जन्मलेला होता. काउंटरवरच्या भियाने, म्हणजे इंदुरी भैयाने, चहा संपायच्या आत शिक्का मारून दाखला हातात दिला. सातच पावलं का, ही रीत किती जुनी, सगळे पाळतात का, असं एका शब्दाने विचारलं नाही. बरं झालं. विचारलं असतं तर मी या घरात कोण म्हणून राहते ते सांगणं मुश्किल झालं असतं.

हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात एका बाईला हे सगळे प्रश्न विचारले गेले, आणि तिच्याजवळ होतं नव्हतं ते उत्तर मी माझ्या हाताने बिघडवलं.

धार रोडला एक सरकारी रोपवाटिका आहे. तिच्या मागच्या अंगाला एका खोलीचं क्वार्टर, आणि त्यात चौकीदार आणि त्याची बायको राहत. दोघं भिल्ल, धारच्या पुढच्या डोंगरातली. तो फाटक सांभाळायचा आणि पाइप धरायचा, बाकी सगळं ती करायची. मी तिला रोपवालीच म्हणायची. माझ्या गच्चीवरचं एकूण एक झाड तिने दिलेलं आणि त्यातली निम्मी मी पाणी घालघालून मारलेली. ती आठवड्यातून एकदा यायची, मेलेलं झाड उपटायची आणि म्हणायची, "बाईजी, तुम्ही जरा कमी जपा याला." ती हिंदी, माळवी आणि भिली एकत्र कालवून बोलते, मी आपली मराठीत सांगते आहे. तर तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण मी पडले मास्तरीण. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं की माणसाला दुसऱ्याचं ऐकायची सवय उरत नाही.

चौकीदार तापाने गेला. चार दिवसांत गेला. नियमाप्रमाणे त्याच्या जागी बायकोला नोकरी मिळायची आणि क्वार्टर तिच्याकडेच राहायचं. रोपवाटिकेच्या साहेबांचीही काही हरकत नव्हती, कारण ती नसती तर तिथे नुसत्या कुंड्या उरल्या असत्या. पण चौकीदाराच्या धाकट्या भावाने अर्ज दिला. ही माझ्या भावाची बायकोच नाही. हिचा पहिला नवरा जिवंत आहे, त्याच्याशी हिचा घटस्फोट झाल्याचा कागद नाही. तेव्हा नोकरी मला द्या. हाच दीर तेरा वर्षांपूर्वी दोघांच्या लग्नात रात्रभर ढोल बडवून हात सुजवून बसला होता. पण ढोलाचा काही दाखला मिळत नाही. खात्याने हात वर केले आणि तिला सांगितलं, तू त्याची बायको होतीस असं कोर्टाकडून लिहून आण.

ती रडत वगैरे आली नाही. मोगऱ्याचं रोप घेऊन आली. ते गच्चीवर लावून झाल्यावर हात धुता धुता म्हणाली, तेरा वर्षं मी त्याची भाकरी थापली, आता साहेब म्हणतो तू कोण. मला असा संताप आला की काय सांगू. मी तिला हाताला धरून खाली यांच्या ऑफिसात नेलं. ऑफिस म्हणजे आमचीच पुढची खोली. म्हटलं, ही केस घ्यायची, आणि फी काढायची नाही तोंडातून. यांनी चष्मा कपाळावर चढवला. माझ्यापुढे यांचं कोणतंच अपील चालत नाही.

कायदा यांनी मला जेवताना समजावला. हिंदू विवाह कायदा आदिवासींना लागू नाही. त्यांना त्यांची स्वतःची रूढी लागू. मी म्हटलं, मग प्रश्न मिटला की. हे म्हणाले, मिटला नाही, इथून सुरू झाला. रूढी आहे असं म्हणणाऱ्याने ती सिद्ध करायची. ती प्राचीन पाहिजे, निश्चित पाहिजे, अखंड पाहिजे आणि वाजवी पाहिजे. मी म्हटलं, या चार कसोट्यांना तुमच्या घरातली एक तरी गोष्ट उतरते का? यांनी आमटी वाढून घेतली.

आणि खरंच सांगते, मे महिन्यात इंदुरात बेचाळीस डिग्रीत काळा कोट, त्याखाली पांढरा गळपट्टा आणि वर झगा घालून हे घामाघूम होऊन घरी येतात, ती कुठली रूढी? कुणा गोऱ्याला त्याच्या गावी थंडी वाजत होती म्हणून आमच्या यांच्या पाठीवर घामोळं. ते मात्र प्राचीन, निश्चित, अखंड. वाजवी आहे का ते विचारायला कुणी बसलेलं नाही.

यांनी रोपवालीला विचारलं, पहिल्या लग्नाच्या फारकतीचा काही पुरावा आहे? ती म्हणाली, आहे. कमरेच्या पिशवीतून तिने एक चिंधी काढून टेबलावर ठेवली. हातभर लांब, चार बोटं रुंद, तव्यासारखी काळी. एक कड साडीची असते तशी विणलेली आणि एक कड वेडीवाकडी, दातऱ्यादातऱ्यांची, दोरे लोंबणारी.

तिने सांगितलं ते असं. तिच्या गावात नवराबायकोचं पटेनासं झालं की पंच बसतात. दोन्हीकडचं ऐकून घेतात. मग नवरा आपल्या डोक्यावरच्या फेट्याचं टोक सगळ्यांसमोर फाडतो आणि बायकोच्या हातात देतो. झाली फारकत. बाई ते टोक माहेरी नेते आणि चुलीच्या वर, छपराच्या आढ्याला बांधते. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं, ही मोकळी आहे. दुसरं लग्न झालं तरी ते तिथेच लटकतं. चौदा वर्षं तिच्या भावाच्या घरी चुलीचा धूर खात ते लटकलं होतं. कोर्टाचं निघालं तेव्हा ती बसने जाऊन सोडून घेऊन आली.

मी लगेच भावूक झाले. म्हटलं, किती सुंदर रीत आहे तुमची. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सुंदर कसली बाईजी? पंच सगळे पुरुष. सकाळपासून ताडी पिऊन बसलेले. माझं निम्मं बोलणं त्यांनी ऐकलंच नाही. पण संध्याकाळच्या आत सुटले." मग तिने विचारलं, तुमच्याकडे किती दिवस लागतात? यांच्या कपाटात एक घटस्फोटाची फाइल आहे, ती पहिल्यांदा आली तेव्हा त्यातल्या नवऱ्याचे केस काळे होते. यांनी कपाटाकडे पाठ केली.

आता कोर्टात दावा लावायचा तर कागद जोडावे लागतात. कापड जोडता येईना. यांच्या मुन्शीजींनी, म्हणजे कारकुनांनी, डोकं चालवलं आणि फेट्याच्या टोकाची झेरॉक्स काढून आणली. काळ्या चिंधीची झेरॉक्स! मशीनचं झाकण नीट बसेना म्हणून कागदाचा काठही काळा आलेला. कागदावर नुसता काळा पट्टा, कड कुठे सुरू होते आणि कागद कुठे संपतो काही कळायला मार्ग नाही. नोटरीने त्यावर मान खाली घालून शिक्का मारला, मूळ प्रतीबरहुकूम खरी नक्कल. ती दाव्याला लागली. मूळ टोक यांनी माझ्याकडे दिलं आणि सांगितलं, कपाटात ठेव, साक्षीच्या वेळी लागेल.

इथवर सगळ्यांनी आपापली कामं केली. आता माझं.

आमच्या शहराला स्वच्छतेचं वेड आहे. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत आली की माणसं देवपूजा अर्धी टाकून धावतात. शेजारच्या काकू ओला कचरा टाकण्याआधी धुतात, असं मी स्वतः पाहिलंय. त्यात आमचं घराणं संस्थानी. पणजोबा दरबारात कपड्यांच्या कोठीवर होते, राजेसाहेबांच्या अंगरख्याची चुणी बिघडली तर पणजोबांना ताप चढायचा म्हणे. ते रक्त माझ्यात आहे. माझ्या कपाटात पांढऱ्या चादरींच्या मध्ये ती काळी चिंधी, हात लावला की बोटाला काजळी. साक्षीची तारीख आली. माझ्या मनात आलं, एवढ्या मोठ्या जजसाहेबांसमोर बिचारीचा पुरावा असा जाणार? लोक काय म्हणतील? आदिवासी म्हणजे गबाळेच, असं नाही का व्हायचं? तिची शान राहायला हवी. हो, शान. हाच शब्द माझ्या डोक्यात आला होता, आणि आज तो आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

रात्रभर सर्फमध्ये भिजवली. सकाळी तीन पाण्यांतून काढली. खालून काय सुरेख गुलाबी रंग निघाला, बारीक पिवळ्या बुंदक्या. मी हरखले. थोडी खळ दिली, इस्त्री केली. फक्त ती फाटकी कड मेली राहिली, दोरे लोंबत होते. कात्रीने दोरे छाटले. मग दातरे वरखाली दिसायला लागले म्हणून पट्टी ठेवून सरळ कापलं. आणि राजवाड्यापाशी माझ्या साड्यांना फॉल-पिको करणारा आहे, त्याच्याकडे घेऊन गेले. तो बिचारा म्हणाला, मॅडमजी, एवढ्याशा चिंधीला पिको कशाला, पुसायला घ्या. मी त्याला झापलं. म्हटलं, चिंधी नाही भिया, कोर्टाचा कागद आहे, दोरा मॅचिंग लाव. त्याने गुलाबी दोरा लावला.

ते टोक मी पारदर्शक पाकिटात घालून यांच्या बॅगेत ठेवलं. यांनी फाइल उघडून बघितली नाही. हे माझ्यावर विश्वास ठेवतात. लग्नाला एवढी वर्षं झाली की दुसरा इलाजही नसतो.

साक्षीच्या दिवशी मीही कोर्टात गेले. रोपवाली निळी साडी नेसून आली होती. तिच्या गावचा पटेल, म्हणजे मुखिया, आला होता, सत्तरीचा, काठीसारखा ताठ. आणि तिचा पहिला नवरा आला होता. तो पहाटेची गाडी पकडून, वाटेत बेटम्याला दीड तास बस बिघडून, धुळीने माखून पोचला. हातात प्लास्टिकची पिशवी. त्याचं दुसरं लग्न होऊन पोरंबाळं मोठी झालेली. रोपवालीने त्याला बघून विचारलं, बैल कसा आहे? तो म्हणाला, बरा आहे. एवढंच बोलले, आणि दोघं एका बाकावर पाणी प्यायली. या दोघांमध्ये भांडण नव्हतं. गावात कुणाला शंका नव्हती. शंका होती ती फक्त दिराला, खात्याला आणि भारत सरकारच्या कायद्याला.

पटेल पिंजऱ्यात उभा राहिला. दिराचा वकील तरुण, गोड बोलणारा, केसांना जेल लावलेला. त्याने विचारलं, ही रीत कधीपासून आहे? पटेल म्हणाला, माझ्या आजाने आजीच्या आधीची बायको अशीच सोडली. त्याआधी मी नव्हतो. वकिलाने विचारलं, कुठे लिहिलेली आहे का? पटेल म्हणाला, लिहायचंच असतं तर टोक फाडलं कशाला असतं? टोक किती लांब असतं? कुणी वीतभर देतो, कुणी हातभर, राग असेल तसं. वकील जजसाहेबांकडे वळून म्हणाला, नोंद घ्यावी, मापाबद्दल निश्चितता नाही. मग त्याने विचारलं, ही प्रथा अखंड चालू आहे का, की मध्ये खंड पडतो? पटेल जरा गोंधळला. म्हणाला, साहेब, रोज उठून कुणी बायको सोडत नाही.

जजसाहेबांना हसू आलं, त्यांनी ते रुमालात घेतलं. माणूस वाईट नव्हता. मला तर वाटतं, त्याच क्षणी विचारलं असतं तर त्याने ती बायको आहे असं लिहून दिलं असतं. पण कोर्टात कुणी मनाने लिहीत नाही. त्यांनी पटेलला आदराने खुर्ची द्यायला सांगितली आणि पुढचा साक्षीदार बोलावला.

पहिला नवरा उभा राहिला. त्याने सांगितलं, हो, मी हिला फारकत दिली, पंचांसमोर. वकील म्हणाला, पुरावा? त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून फेटा काढला. गुलाबी, पिवळ्या बुंदक्यांचा. म्हणाला, आमच्या गावात फारकतीचा फेटा पुन्हा शिवत नाहीत, डोक्यालाही बांधत नाहीत, पेटीत ठेवतात. त्याने फेट्याचं टोक उलगडलं. वेडंवाकडं फाटलेलं, दातऱ्यादातऱ्यांचं. मग शांतपणे म्हणाला, "तिच्याजवळचा तुकडा आणा. याला लावा. बसेल."

यांचा चेहरा उजळला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बघा, म्हणजे त्यांच्या रीतीत पुरावा होताच! दोन माणसांकडे दोन तुकडे, दातऱ्यात दातरा बसला की खरं. कुणी नक्कल करू म्हटलं तरी होणार नाही. आमच्या शिक्क्यापेक्षा, नोटरीपेक्षा पक्कं काम. आणि तेवढ्यात यांनी बॅगेतून पाकीट काढलं.

यांनी पाकिटाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. सदतीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

टोक फेट्याला लावून बघितलं. एकीकडे दातरे, दुसरीकडे पट्टीने कापलेली सरळ कड, वर गुलाबी दोऱ्याचा पिको. दिराचा वकील पुढे झाला, त्याने ते टोक दोन बोटांत धरलं, नाकाशी नेलं आणि म्हणाला, साबणाचा वास येतोय. मग त्याने दाव्याला जोडलेली झेरॉक्स वर धरली. तिच्यात काळं, हातात गुलाबी. त्याने अदबीने विचारलं, यातली खरी नक्कल कशाची आहे ते कळेल का?

यांना मलाच साक्षीला उभं करावं लागलं. बाई गं, तो पिंजरा! मी शपथ घेतली. खरं सांगेन म्हटलं आणि सगळं खरं सांगितलं. वकिलाने विचारलं, आपण धुतलंत? हो. इस्त्री? हो. खळ? मी म्हटलं, थोडीशी. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याने विचारलं, मॅडम, आपण शिक्षिका होतात ना, कोणता विषय? मी म्हटलं, नागरिकशास्त्र. आता तर सगळेच हसले, शिरस्तेदारसुद्धा. वकिलाने आणखी काही विचारलं नाही. त्याला गरजच नव्हती. जजसाहेब मात्र हसले नाहीत. हलक्या आवाजात म्हणाले, "मैडम, आपने तो अच्छा ही सोचा होगा." त्यापेक्षा त्यांनी मला दंड ठोठावला असता तर मी सुखाने घरी गेले असते.

बाहेर व्हरांड्यात आलो. हे एका खांबाला टेकून उभे. मी रोपवालीपुढे जाऊन हात जोडले. ती म्हणाली, राहू द्या बाईजी. ती मला एक वावगा शब्द बोलली नाही, आणि मला वाटत होतं बोल गं बये, चार लोकांत बोल.

पहिला नवरा हे सगळं बघत होता. त्याने पटेलला काहीतरी विचारलं. पटेलने मान हलवली. मग त्याने पिशवीतून फेटा काढला, दुसरं टोक हातात घेतलं आणि तो रोपवालीसमोर उभा राहिला. त्याला जे सुचलं ते किती साधं होतं: एक तुकडा बिघडला, दुसरा देतो. पंच हवेत तर पटेल आहे, माणसं हवीत तर व्हरांडाभर आहेत.

समोर दिराच्या वकिलाने मोबाइल वर केला होता. कॅमेरा चालू. यांनी तो बघितला आणि मला नुसतं म्हणाले, "आजची तारीख." मला लगेच कळलं, एवढी वर्षं वकिलाबरोबर काढली, एवढं तरी कळायलाच हवं. आज फारकत दिली, म्हणजे कालपर्यंत ती याचीच बायको होती. म्हणजे चौकीदाराशी झालेलं लग्न खोटं. तो फेटा फाटला असता तर दिराचं काम झालं असतं.

मी धावले आणि त्या माणसाचे दोन्ही हात घट्ट धरले.

तो गोंधळला. "बाईजी, सोडा. मी तिला मोकळी करतोय."

"नका करू," मी म्हटलं. "हात जोडते, नका करू."

पटेल मला म्हणाला, आमच्यात बाईला मोकळं करणाऱ्या माणसाचा हात कुणी धरत नाही, अपशकुन असतो. पहिलं टोक मी कापलं होतं आणि दुसरं मी फाडू देत नव्हते. रोपवाली बघत होती. वकिलाने मोबाइल खाली केला, जरा हिरमुसला. मी हात सोडले तेव्हा त्या माणसाच्या मनगटांवर माझ्या बांगड्यांचे वळ उठले होते.

निकाल सहा महिन्यांनी आला. बावीस पानांचा. त्यात आदिवासींच्या संस्कृतीबद्दल पहिली चार पानं इतकं सुरेख लिहिलं होतं की शाळेत निबंध म्हणून वाचून दाखवावं. न्यायालयाने रूढींचा आदर करायला हवा, त्यांच्याकडे सहानुभूतीने बघायला हवं, वगैरे. बाविसाव्या पानावर दोन ओळी: रूढी सिद्ध झालेली नाही, कापडाचा तुकडा विश्वासार्ह नसल्याने पुराव्यात घेतलेला नाही, दावा फेटाळण्यात येत आहे. आदर चार पानं आणि निकाल दोन ओळी. मी ते यांच्या टेबलावर आपटलं आणि विचारलं, मग कोर्टाने रूढी बघावी की नाही? हे म्हणाले, बघावी तर लागेलच, नाहीतर या लोकांना कायदाच उरत नाही. मग माझी नजर चुकवून म्हणाले, पण आधी ती आपल्यासारख्यांच्या हातात पडू नये. असं टोचून हे क्वचितच बोलतात. मी ऐकून घेतलं.

म्हणजे आजच्या घडीला कायद्याने ती अशा माणसाची बायको आहे ज्याच्या घरात दुसरी बायको स्वयंपाक करते, आणि ज्याच्याबरोबर तेरा वर्षं काढली त्याची ती कुणीच नाही. मी पाच पावलांत धर्मपत्नी. दीर क्वार्टरमध्ये राहायला आला. पहिल्या उन्हाळ्यात त्याने निम्मी रोपं वाळवली.

यांनी अपील केलं आहे. ती क्वार्टर सोडायच्या दिवशी आमच्याकडे आली होती. गच्चीवरचा मोगरा बघितला, मुळाशी बोट घालून माती चाचपली, म्हणाली, कमी पाणी घाला. मग तिने तिचं टोक परत मागितलं. कोर्टाने पुराव्यात न घेतल्यामुळे ते परत मिळालं होतं, त्याच पाकिटात. मी म्हटलं, थांब, निदान पिको उसवून देते. कात्री आणायला वळले, तर तिने माझा हात धरला. जोरात नाही. मी जसा त्या माणसाचा धरला होता तसा मुळीच नाही.

"नको बाईजी. आता कात्री नको."

तिने पाकिटातून टोक काढून कमरेच्या पिशवीत घातलं आणि पाकीट मला परत दिलं. भावाच्या घरी जातेय म्हणाली. पुन्हा चुलीवर आढ्याला बांधणार. मी म्हटलं, इथे ठेवलं असतंस तरी चाललं असतं, मी हात लावला नसता. ती म्हणाली, तुमच्याकडे गॅस आहे, त्याला धूर कुठून लागणार? मी विचारलं, पहिल्यासारखं काळं व्हायला किती वर्षं लागतील? तिने जरा विचार केला.

"बारा-चौदा लागतील," ती म्हणाली. "तोवर तुमच्या अपिलाची तारीख येईल ना?"

ती चेष्टा करत होती की खरंच विचारत होती, मला कळलं नाही. खाली ऑफिसात यांच्या कपाटात ती काळ्या केसांच्या नवऱ्याची फाइल होती. मी म्हटलं, येईल. तिने पायऱ्यांवर चपला घातल्या आणि बसच्या वेळेला निघून गेली.